टाकीत पीएच ७, क्लॅरिफायरला १०: चुना उशिरा विरघळतोय का ते कसं ओळखायचं आणि काय करायचं

मंडळी, न्यूट्रलायझेशन टाकीत (जिथे कारखान्याच्या सांडपाण्यातलं आम्ल चुन्याने मारतात) पीएच बरोबर पण पुढे क्लॅरिफायरमध्ये, म्हणजे गाळ खाली बसवायच्या टाकीत, गेल्यावर चढलेला, हा प्रॉब्लेम इतक्या जणांकडून ऐकलाय आणि स्वतः जवळपास दीड वर्ष भोगलाय की आता एकदा बसून सगळं लिहून काढतो. लांबेल थोडं, पण घाईत वाचू नका, कारण यात आपल्याला जे पहिल्यांदा सुचतं, म्हणजे अ‍ॅजिटेटर (ढवळणारा पंखा) जोरात फिरवायचा, तेच सगळ्यात कमी उपयोगाचं आहे, आणि ते का हे एकदा कळलं की पुढे काय करायचं तेही दिसायला लागतं.

आधी लक्षणं. अ‍ॅसिडिक एफ्ल्युएंट (सांडपाणी) येतंय, चुन्याची स्लरी (पाण्यात कालवलेला चुना) डोस होतेय, टाकीतला मीटर ७.२ दाखवतोय, लॉगबुकात सगळं नीट लिहिलेलं. तासाभराने क्लॅरिफायरच्या ओव्हरफ्लोचं सॅम्पल काढलं की ९.८. कधी १०.३. बाहेर सोडायची हद्द ५.५ ते ९.०, म्हणजे आपण हद्दीबाहेर. मग ऑपरेटर काय करतो, सेट पॉइंट (ज्या पीएचला डोसिंग थांबतं तो आकडा) खाली आणतो, साडेसहा, सहा, आणि दोन दिवस बरे जातात, मग नेमका पीएच ५ होऊन बसतो म्हणून सेट पॉइंट परत वर, आणि परत १०. हे चक्र ज्यांच्याकडे चालू आहे त्यांच्यासाठीच हे लिहितोय.

आमची टाकी २० घनमीटरची, फ्लो ताशी ६० घनमीटरच्या आसपास, म्हणजे पाणी टाकीत सरासरी २० मिनिटं थांबतं. येणाऱ्या पाण्याचा पीएच दीड ते दोन, मुख्यतः हायड्रोक्लोरिक, अधूनमधून सल्फ्युरिक. आम्ही सगळ्यात आधी प्रोबवर, म्हणजे मीटरच्या पाण्यात बुडणाऱ्या सेन्सरवर, संशय घेतला. तीन वेळा प्रोब बदलला. मग बफरने रोज कॅलिब्रेशन, मग डोसिंग पंपाचे व्हॉल्व्ह उघडून साफ, मग कंट्रोल लूपचं ट्यूनिंग करायला बाहेरून माणूस बोलावला. आणि फसवणारी गोष्ट अशी की यातलं काहीही केलं की चार-पाच दिवस खरंच बरं चालायचं, त्यामुळे वाटायचं की सापडलं कारण, आणि परत तेच. पुढे लक्षात आलं की ते बरे दिवस आमच्या दुरुस्तीमुळे नव्हतेच, चुन्याचा ट्रक बदलला की दिवस बदलायचे.

हे ज्या टेस्टने उघडं पडलं ती अगदी साधी आहे, खर्च शून्य, म्हणून बाकी काहीही करायच्या आधी ती करा. आमच्या लॅबमधल्या मॅडमनी सुचवली. टाकीच्या आउटलेटमधून एक लिटर पाणी घ्यायचं, तिथल्या तिथे लगेच दोन भाग करायचे, एक भाग फिल्टर पेपरमधून ताबडतोब गाळायचा, दुसरा तसाच ठेवायचा. दोन्ही बीकर झाकायचे कारण हवेतला कार्बन डायऑक्साइड पीएच खाली ओढतो, दोन्ही हळू ढवळत ठेवायचे, आणि दर दहा मिनिटांनी पीएच लिहायचा. आमच्याकडे गाळलेलं पाणी तासाभराने ७.३ वर होतं. न गाळलेलं ७.२ वरून ९.९ ला गेलं. एकच पाणी, एकच मीटर, फरक फक्त कागदावर अडकलेल्या त्या पांढऱ्या कणांचा. म्हणजे प्रोब खरंच बोलत होता, पाण्याचा त्या क्षणाचा पीएच ७.२ च होता, फक्त पाण्याबरोबर न विरघळलेला चुना पुढे चालला होता आणि क्लॅरिफायरमध्ये निवांत विरघळत होता.

(तुमच्याकडे गाळलेल्या पाण्याचा पीएचसुद्धा चढत असेल तर कारण वेगळं आहे, बहुतेक बायकार्बोनेटवाल्या पाण्यातून कार्बन डायऑक्साइड निघून जातोय, ते कण-बिण काही नाही. आणि दोन्ही बीकरमधला पीएच आहे तिथेच राहिला तरी प्लांटमध्ये फरक दिसत असेल तरच प्रोबकडे वळा.)

आता प्रश्न असा येतो की उरून उरून असा कितीसा चुना उरत असेल. हा हिशोब मी कागदावर केला तेव्हा खरं म्हणजे हादरलो. दीड पीएचच्या पाण्याला न्यूट्रल करायला लिटरमागे साधारण १.२ ग्रॅम विरवलेला (पाणी घालून शमवलेला) चुना लागतो. त्यातला जवळजवळ सगळा पीएच ३ पर्यंत येण्यातच खर्च होतो, ३ पासून ७ पर्यंत जायला लिटरमागे ४० मिलिग्रॅमही लागत नाही. आणि ७ पासून १० पर्यंत चढायला शुद्ध पाण्यात ४ मिलिग्रॅमसुद्धा पुरतो. आमच्या फ्लोला ताशी ७२ किलो चुना जातो, त्यातला पाव किलो जरी टाकीत विरघळायचा राहिला तरी तेवढ्याने पुढे पीएच १० होऊ शकतो. खऱ्या एफ्ल्युएंटमध्ये बायकार्बोनेट असतं, ऑरगॅनिक अ‍ॅसिडं असतात, फॉस्फेट असतं, ते सगळं थोडं सांभाळून घेतं त्यामुळे प्रत्यक्षात याच्या बऱ्याच पट चुना उरावा लागतो, पण तरीही शंभरात दोन-तीन भाग पुरे. म्हणजे ९७ टक्के चुना वेळेत विरघळला तरी आपण नापास. हे मनात पक्कं बसू द्या, कारण यापुढचं सगळं त्या शेवटच्या तीन टक्क्यांबद्दल आहे आणि ते तीन टक्के म्हणजे सगळ्यात जाड कण.

चुना पाण्यात फार विरघळत नाही, २० डिग्रीला लिटरमागे १.७ ग्रॅमच्या आसपास, बस. कणाच्या अगदी पृष्ठभागाला चिकटून संपृक्त चुन्याचं पाणी असतं आणि तिथून ते बाहेरच्या पाण्यात पसरत जातं, पसरण्याचा वेग हाच सगळा मामला. समजा पाणी अगदी स्तब्ध आहे आणि कण एकटा लोंबकळतोय, तर पूर्ण विरघळायला लागणारा वेळ व्यासाच्या वर्गाने वाढतो, व्यास दुप्पट तर वेळ चौपट. चुन्याचे आकडे घालून बघितले तर १० मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) कण १२ सेकंदांत संपतो, १०० मायक्रॉनचा कण २० मिनिटं घेतो, आणि २०० मायक्रॉनचा जवळपास ८० मिनिटं. घरी गुळाचा खडा आणि किसलेला गूळ यात जो फरक दिसतो तोच हा, फक्त इथे डोळ्यांना सगळी स्लरी सारखीच पांढरी दिसते म्हणून कळत नाही की त्यात खडे आहेत.

पण टाकीत पाणी स्तब्ध नसतं, ढवळलेलं असतं, मग ढवळल्याने नेमकं काय होतं? इथे बहुतेकांच्या डोक्यातलं चित्र चुकीचं असतं, माझ्याही होतं. आपल्याला वाटतं पाणी कणावरून सूं करून वाहत जातं आणि कणाला धुऊन काढतं. मोठ्या खड्याच्या बाबतीत ते बरोबर आहे. बारीक कणाच्या बाबतीत नाही. ढवळलेल्या पाण्यात मोठे भोवरे असतात, ते फुटून लहान होतात, ते आणखी लहान, आणि एका ठराविक मापाच्या खाली पाण्याचा चिकटपणा जिंकतो आणि भोवरे उरतच नाहीत. हे माप रशियन गणितज्ञ कोल्मोगोरोव यांनी १९४१ मध्ये सांगितलं. आमच्या टाकीत अ‍ॅजिटेटरमधून पाण्याच्या किलोमागे सुमारे ०.०५ वॅट पॉवर जाते, त्याला हे माप ६५-७० मायक्रॉनच्या घरात येतं. म्हणजे ५०-१०० मायक्रॉनच्या चुन्याच्या कणाला भोवरा असा फारसा जाणवतच नाही. तो कण त्या पाण्याच्या इवल्या तुकड्याबरोबर वाहत जातो, जसा पुरात ओंडका पाण्याबरोबर जातो, आणि त्याला जाणवतं ते फक्त इतकंच की आजूबाजूचं पाणी एका बाजूने ताणलं जातंय आणि दुसऱ्या बाजूने दाबलं जातंय. त्या ताणाताणीमुळे कणाभोवतीचा संपृक्त थर पातळ होतो, विरघळणं वाढतं, पण बेताचंच.

किती बेताचं, हे केंब्रिजच्या बॅचलर यांनी १९८० मध्ये मांडलं. गणित अवघड आहे पण निष्कर्ष प्लांटवर वापरण्यासारखा आहे. अशा बारीक कणांसाठी विरघळण्याचा गुणांक (विरघळण्याचा वेग ठरवणारा आकडा) हा ढवळण्यात घातलेल्या पॉवरच्या एक-षष्ठांश घाताने वाढतो. पॉवर आरपीएमच्या घनाने वाढते. दोन्ही जोडलं की गुणांक आरपीएमच्या फक्त वर्गमुळाने वाढतो. आरपीएम दुप्पट करा, मोटरचा लोड आठपट, आणि विरघळणं १.४ पट. बस्स एवढंच.

आमच्या टाकीला हे लावून बघितलं तेव्हा १०० मायक्रॉनच्या कणाचे ते २० मिनिटं ढवळण्यामुळे साडेसात मिनिटांच्या आसपास येतात, म्हणजे ढवळणं निरुपयोगी आहे असं अजिबात नाही, ढवळत तर राहावंच लागतं. पण तिथून पुढे आरपीएम दुप्पट केले तरी साडेसातचे पाच होतात. त्याऐवजी आरपीएम आहेत तेवढेच ठेवून कण अर्धा, म्हणजे ५० मायक्रॉनचा केला तर साडेसातचे तीन होतात. आकडे अंदाजाचे आहेत, कण खाली पडत असतो त्याचाही थोडा हातभार लागतो, शिवाय सुरुवातीला पाणी कडक अ‍ॅसिडिक असतं तेव्हा अ‍ॅसिड आतल्या थरापर्यंत येऊन भिडतं त्यामुळे तिथे वेग जास्त असतो, पण तुलना तीच राहते. आरपीएमवर पैसे घालण्यापेक्षा कणाच्या मापावर घाला.

आम्ही अर्थातच आधी उलटं केलं होतं. व्हीएफडीवर (मोटरचा वेग बदलायचं यंत्र) ४० हर्ट्झचे ५० केले. आरपीएम सव्वापट, लोड जवळजवळ दुप्पट, गणिताप्रमाणे फायदा जेमतेम १२ टक्के, आणि प्रत्यक्षात तो १२ टक्केही दिसला नाही कारण टाकीला बॅफल (पाण्याचं गोल फिरणं मोडणाऱ्या उभ्या पट्ट्या) नव्हते, सगळं पाणी एकसंध गोल फिरायला लागलं, मधे भोवरा खोल गेला, आणि मोटर उन्हाळ्यात दोनदा ट्रिप झाली. बॅफल नसतील तर आधी बॅफल लावा, टाकीच्या व्यासाच्या दहावा-बारावा भाग रुंदीच्या चार पट्ट्या, वेल्डर एका दिवसात लावून देतो.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे, नाहीतर कोणी आरपीएम कमी करून बसेल. वर म्हटलं ते सगळं कण पाण्यात तरंगत असेल तर. तळाशी बसलेल्या कणाचा अर्धा पृष्ठभाग गाळात गाडलेला असतो आणि तो विरघळतच नाही, म्हणून तळ सुटेपर्यंत, म्हणजे सगळे कण तळावरून उचलले जाईपर्यंत, आरपीएमचा परिणाम प्रचंड असतो आणि तळ सुटल्यावर एकदम मंदावतो. तळ सुटला कधी म्हणायचं याची व्याख्या नेदरलँड्सच्या झ्विटरिंग यांनी १९५८ मध्ये केली ती आजही वापरतात, कुठलाही कण तळावर एक-दोन सेकंदांपेक्षा जास्त थांबता कामा नये. आपल्याकडे माटुंग्याच्या यूडीसीटीत (केमिकल टेक्नॉलॉजीची संस्था, आताची आयसीटी) जोशी सरांच्या ग्रुपने याच विषयावर बरंच काम केलं, त्यातून स्पष्ट दिसलं की तिरक्या पात्यांचा, पाणी खाली ढकलणारा इम्पेलर (ढवळणारं पातं) हा उभ्या पात्यांच्या डिस्क टर्बाइनपेक्षा कमी पॉवरमध्ये तळ उचलतो. तुमच्या टाकीत उभी पाती असतील आणि तळाला पांढरा थर बसत असेल तर इम्पेलर बदलणं हा खर्च वसूल होणारा आहे. तपासायचं कसं, तर लांब पाइपने तळ चाचपायचा, किंवा ड्रेन व्हॉल्व्ह क्षणभर उघडून बघायचा, पहिलं पाणी दाट पांढरं आलं तर तळ सुटलेला नाही.

आता कणाच्या मापाकडे. चाळणी हे पहिलं हत्यार. १०० ग्रॅम चुना घ्या, २०० मेशच्या म्हणजे ७५ मायक्रॉनच्या चाळणीवर ओल्या पद्धतीने धुवा, वर जे राहील ते वाळवून तोला. आम्ही हे सुरू केलं तेव्हा एका लॉटला चाळणीवर ४ टक्के राहिले आणि दुसऱ्याला १३. दोन्ही लॉटची प्युरिटी मात्र जवळपास सारखीच होती, दोन्हींचं सर्टिफिकेट उत्तम, कारण खरेदीच्या ऑर्डरमध्ये आम्ही फक्त टक्केवारी मागत होतो, जाडी कोणी विचारलीच नव्हती. आता ऑर्डरमध्ये जाडीची अट आहे आणि प्रत्येक ट्रकचं सॅम्पल चाळल्याशिवाय गाडी रिकामी होत नाही. सप्लायरशी भांडण झालं नाही, त्याला फक्त स्पष्ट सांगावं लागलं.

चाळणीवर जे राहतं ते सगळं चुनाच असतं असं नाही. त्यात भट्टीत न भाजलेला चुनखडीचा गाभा असतो, वाळू असते, आणि ओलाव्यात ठेवलेल्या गोणींमध्ये हवेतला कार्बन डायऑक्साइड खाऊन परत चुनखडी झालेला भाग असतो. पावसाळ्यात कोकणात गोणी उघड्या शेडमध्ये ठेवल्या तर महिन्याभरात हे होतं. तो भाग पीएच चढवत नाही, नुसता गाळ वाढवतो आणि पंप खातो. त्यामुळे चाळणीवरचे खडे फोडून त्यावर फिनॉल्फ्थॅलिनचा (चुन्यासारखं काही लागलं की गुलाबी होणारं द्रावण) थेंब टाकून बघा. गुलाबी झाला तर आत जिवंत चुना आहे आणि हाच पुढे जाऊन पीएच चढवणार आहे.

ही फिनॉल्फ्थॅलिनची युक्ती आम्हाला आणखी एका ठिकाणी कामाला आली. काही आठवडे असे यायचे की चुना बारीक असूनसुद्धा पीएच पुढे चढायचा, आणि ते आठवडे सल्फ्युरिकवालं प्रॉडक्ट चालू असतानाचे असायचे. क्लॅरिफायरच्या तळातून काढलेले कण तसेच ठेवून थेंब टाकला तर रंग नाही. तेच कण काचेच्या दांडीने चिरडले तर लगेच गुलाबी. म्हणजे कणाभोवती कवच चढलं होतं. सल्फेट आणि कॅल्शियम एकत्र आले की जिप्सम तयार होतं, ते लिटरमागे दोन-अडीच ग्रॅमपेक्षा जास्त विरघळत नाही, आणि ते चुन्याच्या कणावरच जमतं, कारण कॅल्शियम तिथूनच तर निघतंय. आतला चुना कैद होतो आणि हळूहळू, तासन्‌तास पाझरत राहतो. इथे कण बारीक करणं कामाला येतंच कारण बारीक कण कवच जमायच्या आत संपतो, पण त्याबरोबर चुना एकदम एका जागी ओतू नका, स्लरी पातळ ठेवा, इम्पेलरच्या जवळ सोडा, आणि टाकीत थोडा जुना गाळ क्लॅरिफायरमधून परत आणून मिसळा म्हणजे जिप्समला जमायला दुसरा पृष्ठभाग मिळतो. गाळ परत फिरवायचा हा भाग आम्हाला सुरुवातीला पटत नव्हता, कशाला घाण परत आत घ्यायची, पण फरक खरोखर पडला आणि फिल्टर प्रेसचा केकही आधीपेक्षा कोरडा पडायला लागला.

आता ज्यांच्याकडे कळीचा चुना (भट्टीतून आलेला, अजून पाणी न लागलेला) येतो आणि तो प्लांटवरच विरवतात त्यांच्यासाठी, कारण त्यांच्या कणाचं माप सप्लायर ठरवत नाही, ते स्वतः ठरवतात आणि बहुतेकांना हे माहीत नसतं. कळीचा चुना पाण्यात टाकला की प्रचंड उष्णता निघते, किलोमागे हजार किलोज्यूलपेक्षा जास्त. विरवण गरम झालं, ७०-८० डिग्रीला पोचलं, की कण फुटून फार बारीक होतात. थंड पाणी भरपूर ओतून विरवलं की तो बुडतो, वरून साय धरल्यासारखा थर होतो, आत कोरडा राहतो, आणि कण जाड राहतात. पाणी फारच कमी घातलं तर उलट जळतो, गोळे होतात. चुन्याच्या वजनाच्या साधारण तीन ते चारपट पाणी घ्या आणि तापमान बघत राहा, आमच्याकडे एक साधा थर्मामीटर लावल्यावरच अर्धा प्रश्न सुटला. आणि पाणी कुठलं वापरता ते महत्त्वाचं आहे. पाणी वाचवायला म्हणून बरेच जण ट्रीटेड एफ्ल्युएंटमध्येच चुना विरवतात, त्यात सल्फेट असलं की विरणं मंदावतं आणि कण जाड पडतात. विरवायला साधं पाणी घ्या, नंतर पातळ करायला हवं तर ट्रीटेड वापरा. जुने गवंडी चुना आठवडेच्या आठवडे भिजवून ठेवायचे आणि मग चुन्याच्या घाणीत दगडी चाकाखाली मळायचे, किल्ल्यांवर अजून तशी चाकं आणि गोल चर दिसतात, ते सगळे कष्ट खडा शिल्लक राहू नये यासाठीही होते.

विरवताना एक गोष्ट हात जोडून सांगतो. चुना पाण्यात टाका, चुन्याच्या ढिगावर पाणी ओतू नका, ते उसळून अंगावर येतं आणि डोळ्यात गेलं तर डोळा जातो. गॉगल घातल्याशिवाय विरवणाच्या टाकीजवळ कोणालाही जाऊ देऊ नका, आणि डोळे धुवायचा नळ दहा पावलांत असू द्या.

विरवण झाल्यावर डोसिंग टाकीच्या आधी चाळणी लावा. आम्ही १०० मेशची, १५० मायक्रॉनची कंपन चाळणी लावली, वर जे राहतं ते बादलीत जमा होतं आणि ऑपरेटर शिफ्टला एकदा ती बादली तोलून लिहितो. ही बादली म्हणजे आमचं सगळ्यात खरं मीटर आहे. वजन वाढलं की मॅडमना लगेच कळतं की पुढे दोन दिवसांत पीएच चढणार.

यानंतरही थोडा उरतोच, आणि तिथे टाकीची रचना बघावी लागते. सरासरी २० मिनिटं म्हणजे प्रत्येक कण २० मिनिटं थांबतो असं नाही. नीट ढवळलेल्या एकाच टाकीत आत आलेल्या मालापैकी २२ टक्के माल पाच मिनिटांच्या आत बाहेर पडतो, ही ढवळण्याची चूक नाही, एकसंध ढवळलं की असंच होतं. तीच टाकी मधे भिंत घालून दोन समान भागांत केली, दहा-दहा मिनिटांच्या, तर पाच मिनिटांत निसटणारा भाग २२ वरून ९ टक्क्यांवर येतो. पाणी तेवढंच, वेळ तेवढाच. आम्ही भिंत घातली नाही, शेजारची रिकामी पडलेली टाकी जोडली, पण तत्त्व तेच.

दोन टाक्या झाल्यावर डोसिंग कसं करायचं हे बदललं, आणि माझ्या मते सगळ्यात जास्त फरक याने पडला. पहिल्या टाकीत चुना, सेट पॉइंट फक्त ४.५ ते ५, मुद्दाम खाली. त्यामुळे जाड कण जे काही मागे राहतात त्यांना पुढच्या टाकीत विरघळायला अजून अ‍ॅसिड शिल्लक असतं, आणि तिथे ते स्वतःच पीएच ६-६.५ वर नेतात. आणि शेवटचं थोडंसं कॉस्टिकने (कॉस्टिक सोड्याचं द्रावण), जे आधीच विरघळलेलं आहे म्हणून त्यात कणच नाहीत, जे दाखवतं तेच असतं. कॉस्टिक महाग आहे हे खरं, पण शेवटच्या एक-दोन टक्क्यांसाठीच लागतं. कॉस्टिक नकोच असेल तर चुन्याची निवळी वापरा, स्लरी बसू देऊन वरचं नितळ पाणी, त्यातही कण नसतात, फक्त त्यात चुना फार थोडा मावतो म्हणून लिटर बरेच लागतात, मोठ्या फ्लोला ते झेपत नाही. प्रोबसुद्धा हलवा, चुना पडतो त्या जागेपासून लांब, दुसऱ्या टाकीच्या आउटलेटला.

आता शेवटचा एक त्रास, जो या सगळ्यानंतरही आमच्याकडे राहिला होता आणि ज्याचं कारण सापडायला सगळ्यात उशीर लागला. लाइट जाऊन आली की अर्ध्या तासात पीएच ११. डोसिंग पंप तर लाइट गेल्याबरोबर बंद, मग चुना आला कुठून? अ‍ॅजिटेटर थांबला की टाकीतले कण खाली बसतात, १०० मायक्रॉनचा कण सेकंदाला सहा-सात मिलिमीटर खाली जातो, म्हणजे दहा मिनिटांत सगळं तळाशी. शिवाय स्लरीच्या पाइपमधला चुना उताराने टाकीत निथळत राहतो. लाइट आली की अ‍ॅजिटेटर सुरू होतो, तो सगळा थर एकदम उसळतो, आणि त्याच वेळी मीटरला प्रोबजवळचं जुनं अ‍ॅसिडिक पाणी दिसत असतं म्हणून पंपही पूर्ण जोरात डोस सुरू करतो. दोन्ही एकत्र. आता आमच्या पीएलसीमध्ये (पंप-मोटर चालवणारा कंट्रोलर) इंटरलॉक, म्हणजे ठरावीक क्रम पाळायला लावणारी अट, आहे, लाइट आल्यावर आधी अ‍ॅजिटेटर, एफ्ल्युएंटचा पंप चालू, आणि चुन्याचा पंप पंधरा मिनिटं बंद, मीटर काहीही दाखवू दे. आणि स्लरीच्या पाइपला टाकीच्या अगदी तोंडाशी एक व्हॉल्व्ह, जो लाइट गेली की स्प्रिंगने आपोआप मिटतो. तुमच्याकडे पीएलसी नसेल तर पॅनलवर पंधरा मिनिटांचा टायमर लावला तरी चालतं, आमच्या जुन्या टाकीला अजून तोच आहे.